पॅनल घेताना कुणाला विचारलं होतंत, सर?

प्रश्न : मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका अनुदानित हायस्कूलचा मुख्याध्यापक. मुलगी बारावी सायन्सला आहे, अकरावीत 71 टक्के होते. तिला बीएस्सी करून बीएड करायचंय. मी शाळेत इंटरॲक्टिव्ह पॅनल (स्पर्शाने चालणारे डिजिटल फळे) आणले, आता एका एआय ॲपचा प्रस्ताव आलाय. जग कुठे चाललंय ते मला कळतं. तिला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगकडे कसं वळवू? (पत्र संक्षिप्त)

उत्तर : सर, नमस्कार. तुमच्या मूळ पत्रात मुलीबद्दल चार ओळी होत्या आणि पॅनलबद्दल पानभर. म्हणून आधी पॅनलचंच बोलू.

तुम्हीच प्रामाणिकपणे लिहिलंय, की शेजारच्या हायस्कूलने पॅनल लावले, पालक तिकडे वळू लागले, मॅनेजमेंटने घाई केली, कंपनीच्या माणसाने डेमो दिला आणि सही झाली. ही घाई मला समजते. पट घसरला की तुकडी जाते, तुकडी गेली की शिक्षक सरप्लस, म्हणजे जादा ठरतात. पण वर्गात ते कोण वापरणार, पावसात लाईट गेली तर काय, वॉरंटी संपल्यावर दुरुस्तीचे पैसे कोण देणार, हे शिक्षकांना कुणी विचारलंच नाही. आज विज्ञानाच्या मॅडम सोडल्या तर बाकीचे शिक्षक पॅनलवर फळ्यासारखंच लिहितात, असंही तुम्हीच कळवलंय. मला धास्ती वाटते ती ही, की मुलीचा निर्णयही याच रीतीने चाललाय. शेजाऱ्यांचा मुलगा कॉम्प्युटरला गेला, तसा तिचाही डेमो बघून सही!

तंत्रज्ञानात राहायचं तर इंजिनिअरच व्हायला हवं, हा तुमचा समज तुमच्याच शाळेत खोटा पडलाय. पॅनल चालतो तो मॅडमच्या वर्गात, कारण आठवीची पोरं प्रकाशाच्या परावर्तनात कुठे अडखळतात हे त्यांना ठाऊक आहे. मनोहर पर्रीकर मुख्यमंत्री असताना गोवा सरकारच्या सायबरएज योजनेतून अकरावीच्या मुलांना कॉम्प्युटर मिळाले होते. कितीतरी घरांत त्यांच्यावर क्रोशाचा रुमाल पडला, तो काही तंत्रज्ञान कमी पडलं म्हणून नव्हे. राज्याच्याच 2021च्या 'केअर्स' योजनेने कोडिंग आणि रोबोटिक्स शाळांत आणलं, ते मुलांपर्यंत पोचवायलाही शिक्षकच लागतो. विषय आणि मूल दोन्ही समजणारा माणूस मिळणं कठीण आहे, आणि तुमची मुलगी नेमकी तीच वाट मागतेय.

जेईईचा फॉर्म तिला स्वतःला हवा असेल तर भरू द्या, बीएस्सीची तयारी चालू राहू दे. बाकी प्रवेशाची माहिती तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त आहे.

त्या एआय ॲपच्या डेमोला मात्र तिला शेजारी बसवा. मुलांची माहिती कुठे साठवता, हे तिला विचारू द्या. 2023च्या डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे, ती कशी घेणार, हेही. कंपनीचा माणूस काय उत्तर देतो ते मला कळवा. पत्र तिला लिहू द्या.