“मॅडम, मशीनपुढं बसवून लेकरू अजून मुकं होईल का?”

लातूरच्या माझ्या खोलीत हा प्रश्न वेगवेगळ्या आईवडिलांच्या तोंडून इतक्यांदा आलाय, की आता एकदा लिहावंच. बौद्धिक दिव्यांग मुलांच्या वर्गात छोटा रोबो आला की पालक धास्तावतात. मोबाइलचा अनुभव ताजा असतो. त्यात एक बोचही असते: आमच्या लेकराला शिकवायला माणूस मिळेना, म्हणून यंत्र लावलं का?

औसा तालुक्यातलं एक जोडपं सोयाबीनची रास झाल्यावर आलं. मुलगा 11 वर्षांचा. त्याला इथे बाळू म्हणू. डावं-उजवं चुकायचं, दोन सूचना एकदम दिल्या की जागीच थबकायचा. त्याच्या शाळेत बी-बॉट नावाचा छोटा रोबो आला होता, मधमाशीच्या रूपाचा, चाकांवरचा. पाठीवर बाणांची बटणं. आधी क्रम दाबायचा, मग मधलं बटण दाबलं की तो निघतो. एक पाऊल 15 सेंटिमीटरचं, म्हणजे कंपासपेटीतल्या पट्टीएवढं.

वडील म्हणाले, “त्या मशीनला ना माया ना राग. लेकरानं त्याच्याकडून काय शिकावं?”

“राग नाही, तेच त्याच्या कामाचं आहे भाऊ. बाळू चुकला की घरी काय होतं?”

आई खाली बघत बोलली, “हे म्हणतात, कालबी हेच सांगितलं होतं की रे.”

बी-बॉटला पुसायचं बटण असतं. ते दाबलं की मागचे सगळे हुकूम जातात. नाही दाबलं, तर जुन्या हुकमांना नवे जोडले जातात आणि स्वारी भलतीकडेच जाते. बाळूच्या पाठीवर कालच्या, परवाच्या चुका अशाच साठलेल्या होत्या. त्या कुणी पुसल्याच नव्हत्या.

माझ्या खोलीत मी पट्टीनं मोजून फरशीवर खडूचे चौकोन आखले. पहिल्या दिवशी रोबो बंदच ठेवला, नुसता हातात दिला. पुढं एकदा बाळू पुसायचं विसरला आणि रोबो सरळ कपाटाखाली गेला. त्यानं चटकन माझ्या चेहऱ्याकडं पाहिलं. मी रोबोकडंच बघत राहिले, मुद्दाम. बराच वेळ गेला. मग तो पालथा झाला, रोबो ओढून काढला, पुसायचं बटण दाबलं आणि म्हणाला, “परत.” त्या दिवशी मी गप्प राहिले, ते माझं चांगलं काम होतं असं मला आजही वाटतं.

मुलं कशी शिकतात याचा अभ्यास करणारे अमेरिकेतले गणितज्ञ सीमोर पेपर्ट यांनी 1960 च्या दशकाअखेरीस मुलांना हुकूम पाळणारं कासव दिलं, म्हणजे जमिनीवर चालणारा रोबोच. पेपर्ट मुलांना सांगायचे, अडलात तर स्वतः कासव होऊन चालून बघा. मी त्यांच्याच वाटेची. म्हणून वडिलांना म्हटलं, “आज तुम्ही रोबो.”

ते संकोचले, पण उभे राहिले. बाळू मागे. “पुढं. पुढं. उजवीकडं.” वडील गडबडीत डावीकडं वळले. मी श्वास रोखला. जन्मभर ज्याला सगळ्यांनी हुकूमच सोडले, तो आता काय करेल? बाळूनं वडिलांच्या पाठीवर बोट टेकवलं, दाबलं. “पुसलं. परत, पप्पा.” ना ओरडला, ना हसला. वडील तसेच पाठमोरे उभे राहिले. बऱ्याच वेळानं म्हणाले, “मी कधी पुसलं नाही हो.”

म्हणून पालकांना माझं सांगणं: रोबोपुढं लेकरू एकटं बसवू नका. शेजारी माणूस हवाच, नाहीतर तुमची भीती खरी ठरेल. दहा-पंधरा मिनिटं पुरे. बटण दाबण्याआधी हुकूम तोंडानं म्हणायला लावा. जमलं तर दुसरं मूल जोडीला घ्या, एकानं सांगायचं, दुसऱ्यानं दाबायचं; मुकं होण्याचा प्रश्नच राहत नाही. आवाजाला, दिव्याला घाबरणाऱ्या मुलाला घाई करू नका. नाओसारखा माणसाच्या रूपाचा, बोलणारा रोबो हवा का, असंही विचारतात. तो कामाचा असतो, पण फार महाग, आणि बाळूसारख्या मुलाचं त्यावाचून अडत नाही. मुख्य म्हणजे रोबोवर जमलेलं आपोआप रोजच्या जगण्यात उतरत नाही. तेच चौकोन अंगणात, मग गल्लीत चालावे लागतात. या टप्प्याला महिने लागतात, आणि नेमकं इथंच बहुतेक घरं कंटाळतात.

बाळूच्या आईचा मध्यंतरी फोन आला. तो आता कोपऱ्यावरच्या दुकानातून साखर आणतो. वळणावर गोंधळला की थांबतो, स्वतःच्या छातीवर बोट दाबतो आणि पुटपुटतो, “पुढं, पुढं, डावीकडं.” वडील लांबून बघत उभे असतात. हाक मारत नाहीत.