‘ट्रान्स’ला समाधी म्हणावे का?

प्रश्न असा आला आहे: मोरोक्कोतल्या एस्साविरा शहरात ऐकलेल्या मैफलीवर मराठीत लिहायचे आहे. त्या मैफलीत ग्नावांचे, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्यांच्या वंशजांचे, संगीत होते आणि सहारातले ‘डेझर्ट ब्लूज’ही. ‘ट्रान्स म्युझिक’ला, म्हणजे भान हरपवणाऱ्या संगीताला, ‘समाधी-संगीत’ म्हटले तर चालेल का?

माझ्या मते नाही. समाधी म्हटली की मराठी माणसाला आळंदी आठवते. तिथे सगळे शांत, निश्चल. ग्नावांच्या रात्रभराच्या विधीत नेमके उलटे घडते. बसलेली बाई उठते, केस मोकळे सुटतात, मान लयीवर हेलकावू लागते आणि सूर पुरता होईपर्यंत ती थांबत नाही. याला आपल्याकडे अस्सल शब्द आहे: अंगात येणे. कुठे ‘वारं आलं’ म्हणतात, तळकोकणात आणि गोव्यात ‘अवसर आला’ म्हणतात. लेखाला जरा भारदस्त शब्द हवा असेल तर ‘संचार’. ‘तंद्री’ फारच हलका, ‘गुंगी’ औषधाची.

‘झपाटणे’ मात्र कटाक्षाने टाळा. झपाटणाऱ्याला हाकलायचे असते. ग्नावा ज्यांना बोलावतात, त्या अदृश्य शक्तींना ते ‘म्लूक’ म्हणतात. मुळात अरबी म-ल-क हा धातू, म्हणजे मालकी असणे. आपला ‘मालक’ त्याच घरचा. या मालकांना घालवत नाहीत. त्यांचा रंग, त्यांचे सूर, त्यांचा धूप सांभाळून आयुष्यभर नाते ठेवतात. आपल्याकडे देवीचा संचार होतो तेव्हा तिला कोणी हाकलत नाही, तिची ओटी भरतात. म्हणून हा शब्द इथे बसतो, नुसता जवळपास जात नाही.

खुद्द त्या अवस्थेला मोरोक्कोत ‘जेद्बा’ म्हणतात. अरबीत या धातूचा अर्थ ओढणे. हिंदीतून आपल्याकडे आलेला ‘जज्बा’ याच मुळाचा, फक्त आपल्यापर्यंत पोचेतो त्यातली ओढ जाऊन जोश उरला.

एक सापळा आधीच सांगून ठेवतो. या विधीला ‘लीला’ म्हणतात. मराठी वाचक कृष्णलीला समजेल, पण हा अरबी ‘लैला’, म्हणजे रात्र. विधी रात्रभर चालतो, म्हणून नाव रात्र. आपल्या खंडोबाच्या ‘जागरणा’चे नावही असेच रात्रभर जागण्यावरून पडले आहे. तेव्हा पहिल्यांदा लिहिताना ‘लीला, म्हणजे रात्रीचे जागरण’ एवढे जोडून द्या.

मुख्य वादकाला ‘मालेम’ म्हणतात, म्हणजे ‘मुअल्लिम’, शिकवणारा. आपली ‘तालीम’ याच धातूतून आलेली, म्हणून ‘उस्ताद’ लिहायला हरकत नाही. त्याचे गेंब्री हे वाद्य तीन तातींचे, उंटाच्या कातड्याने मढवलेले. ‘गिटार’ म्हणू नका. हातातल्या करकेबना लोखंडी चिपळ्या म्हटले की चित्र उभे राहते.

आता तुमच्या लेखातली मैफल. एस्साविरात 1998 पासून ग्नावांचा मोठा महोत्सव भरतो आणि 2019 मध्ये युनेस्कोने ही कला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. रंगमंचावर ऐकता ते त्या रात्रीतले संगीत असते, पण ती रात्र नसते. तिथे ‘संचाराचे संगीत’ म्हणा. ‘प्रेक्षकांच्या अंगात आले’ असे लिहू नका. त्यांचे भान हरपले, इतकेच.

‘डेझर्ट ब्लूज’ला ‘वाळवंटी ब्लूज’ पुरेल, ब्लूजचे भाषांतर नको. पण सहारा वाळवंटातले तुआरेग लोक आपल्या या गाण्यांसाठी स्वतः ‘असूफ’ हा शब्द वापरतात आणि मला तो फार मोलाचा वाटतो. असूफ म्हणजे एकाकी ओसाड मुलूख, आणि त्यातून दाटणारी घरची ओढही. दुष्काळ आणि संघर्षामुळे माली सोडून अल्जीरिया-लिबियात गेलेल्या तरुणांनी ही गाणी गिटारवर बांधली. 1979 च्या सुमारास जमलेल्या त्यांच्या प्रसिद्ध चमूचे नाव ‘तिनारिवेन’, म्हणजेच वाळवंटे. मराठीत ‘वैराण’ फारसीतून आलेला आणि ‘विराणी’ विरहिणीतून. कुळे वेगळी, नाद मात्र सख्ख्या बहिणींचा. असूफमध्ये हे दोन्ही अर्थ एकत्र आहेत, म्हणून मी लिहीन ‘वैराणातली विराणी’, आणि शेजारी ‘असूफ’ तसाच ठेवीन.