कान नेमका कुठे अडलाय?

प्रश्न : वडिलांचा उजवा कान दर पावसाळ्यात वाहतो, ऐकूही कमी येतं. दुकानात ऐकायचं मशीन मिळतंय, घेऊन टाकू का? (देवगड)

उत्तर : इतक्यात नको. सारखा वाहणारा कान म्हणजे बहुधा पडद्याला भोक. अशा वेळी बऱ्याचदा ऐकण्याची नस शाबूत असते, आवाज तिच्यापर्यंत पोचत नाही इतकंच. कान कोरडा करून पडद्याचं ऑपरेशन केलं तर पुष्कळांना मशीन लागतच नाही. उलट वाहत्या कानात मशीनचा साचा (कानात बसणारा भाग) बसवला तर पू कोंडतो. ऑपरेशन जमण्यासारखं नसेल तर कानामागच्या हाडावाटे आवाज पोचवणारी यंत्रं आहेत. आणि कानात कोमट खोबरेल घालत असाल तर आजपासून बंद. आपल्या दमट हवेत बुरशीला तेवढंच हवं असतं.

प्रश्न : ट्रॉलरवर इंजिनापाशी असतो, वय ४६. कानात शिट्टी वाजते. लिलावात आकडे चुकीचे ऐकू येतात. (हर्णै)

उत्तर : 'साठ'चं 'आठ' होतं ना? इंजिनाच्या धडधडीने आतल्या कानातल्या नाजूक पेशी मरतात, त्या पुन्हा येत नाहीत. उंच पट्टीचे आवाज आधी जातात, म्हणून स, श गळतात. इथे थेंब-गोळ्यांचा उपयोग नाही. ऑडिओमेट्री, म्हणजे कोणत्या पट्टीचं किती ऐकू येतं ते आलेखावर दाखवणारी तपासणी, करा, त्या आलेखानुसार जुळवलेलं डिजिटल मशीन जे कमी ऐकू येतं तेच वाढवतं. सरसकट सगळं मोठं करणारं स्वस्त यंत्र इंजिनही मोठं करतं! आवाज ८५ डेसिबल (आवाजाचं माप) असेल तर दिवसाला ८ तास ही मर्यादा धरतात. पुढे दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा. कापसाचे बोळे पुरत नाहीत, इअरमफ (पूर्ण कान झाकणाऱ्या वाट्या) लावा. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

प्रश्न : आईच्या मशीनचा सेल लवकर संपतो. (गुहागर)

उत्तर : झिंक-एअर सेल हवेवर चालतो. त्यावरचा स्टिकर काढला की तो सुरू, परत चिकटवून थांबत नाही. दमट हवेत आयुष्य आणखी घटतं. स्टिकर काढल्यावर मिनिटभर थांबून सेल घाला. रात्री सेल काढून मशीन सिलिका जेलच्या (ओल शोषणारे दाणे) डबीत ठेवा.

प्रश्न : नात दोन वर्षांची, हाकेला वळत नाही. सगळे म्हणतात, बोलेल उशिरा. (वेंगुर्ले)

उत्तर : थांबू नका. बेरा चाचणी, म्हणजे आवाजाला नस आणि मेंदू प्रतिसाद देतात का ते पाहणं, मूल झोपलेलं असतानाच करतात, दुखत नाही. दोष मोठा निघाला तर आधी दोन्ही कानांना मशीन. त्याने भागलं नाही तर कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून आतल्या कानात बसवायचं यंत्र, जे खराब पेशी ओलांडून थेट नसेला विजेचे संकेत देतं. केंद्राच्या अडिप योजनेत (अपंगांना साधनं मिळवून देणारी) लहान मुलांसाठी, उत्पन्नाच्या अटीवर, मदत मिळते. चौकशी मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग या श्रवणदोषांवरच्या संस्थेत करा. पुढे स्पीच थेरपी (ऐकायला-बोलायला शिकवणं) बराच काळ चालते. नातीला तिथे कोण नेणार, ते ऑपरेशनआधीच घरात ठरवा.