घरच्या बुकशेल्फसाठी सागवान घ्यायचंय, वखारीत काय बघू?

4 फूट उंच, अडीच फूट रुंद आणि 10 इंच खोल शेल्फ, मधल्यांसह चार आडव्या फळ्या, आणि वखारीत फसायचं नाही, असा तुमचा प्रश्न. जातीआधी लाकूड किती वाळलंय ते बघा. बल्लारशाचं सागवानही ओलं असलं तर पिळतं. वाळलेलं साधं पाइन सरळ राहतं.

भाव घनफुटावर असतो. रुंदी आणि जाडी इंचांत, लांबी फुटांत, तिन्हींचा गुणाकार भागिले 144. दोन बाजू आणि चार आडव्या फळ्या, सगळं इंच जाडीचं, म्हणजे बरोबर सव्वा घनफूट. घट पाव हिस्सा धरा, 1.6 मागा. रंधा मारल्यावर इंचाची फळी 20-22 मिमी उरते, शेल्फला तेवढी पुरते. 10 इंचांची अखंड फळी महाग पडते. निम्म्या रुंदीच्या दोन जोडल्या तरी बिघडत नाही.

ओल 12 टक्क्यांच्या आसपास हवी, मुंबई-कोकणात 14 पर्यंत चालेल. मीटर नसेल तर फळीच्या मधला तुकडा मागून घ्या. टोकाचा नको, टोक आधी सुकतं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला, ओव्हनमध्ये 100-105 अंशांवर वजन घटायचं थांबेपर्यंत ठेवा. घटलेलं वजन भागिले सुकं वजन म्हणजे ओल. 115 ग्रॅमचे 100 झाले तर ओल 15 टक्के, म्हणजे अजून वाळवायला हवं. ‘एकदम सुका माल आहे’ हे वाक्य प्रत्येक वखारीत मिळतं, फुकट.

मग रंग. आतला नार सोनेरी-तपकिरी, कडेचा भाग पांढरट. कीड या पांढऱ्यातच लागते. टाचणीच्या डोक्याएवढी भोकं दिसली आणि फळी आपटल्यावर मैद्यासारखी भुकटी गळली, तर ती सोडून द्या. पांढरं लपवायला कधीकधी तेलाचा हात फिरवलेला असतो. पटाशीने कोपरा खरवडला की कळतं. खोडाच्या अगदी मध्याचा ठिपका ज्या फळीत आलाय तीही नको, वाळताना तिथूनच चिरते.

फळी डोळ्याजवळ धरून कडेने नजर टाका. पीळ ओळखायला दोन्ही टोकांवर एकेक सरळ पट्टी आडवी ठेवा आणि वरच्या कडा समांतर दिसतात का बघा. थोडी पन्हळ, म्हणजे रुंदीत आलेला बाक, रंध्याने जाते. पीळ काढायला गेलात तर पाव इंच जाडी सहज उडते.

पाडलेल्या वाड्याचं जुनं सागवान मिळालं तर जरूर घ्या, वर्षानुवर्षं वाळलेलं असतं. फक्त रंध्याआधी सगळीकडून लोहचुंबक फिरवा. मोडलेला एक खिळा रंध्याचं पातं खलास करतो.

घरी आणल्यावर लगेच कापू नका. दोन-तीन आठवडे, भिंतीपासून दूर, दर दीड फुटावर आडव्या पट्ट्या देऊन थर रचा. वरच्या आणि खालच्या थरातल्या पट्ट्या एकाच रेषेत हव्यात, नाहीतर फळीला मध्येच बाक येतो.