जुनी आरएक्स-८ घेण्याआधी

आरएक्स-८ ही माझदाची स्पोर्ट्स कार. ती बघायला जाण्याआधी ही कंपनी समजून घे. १९२० साली हिरोशिमात बुचाच्या कामासाठी सुरू झालेला हा कारखाना, १९३१ पासून तीनचाकी मालगाड्या बनवू लागला. (आपल्याकडे हे नाव पोचलं ते स्वराज माझदाच्या ट्रकांवरून.)

कंपनीचं खरं नाव झालं ते रोटरी इंजिनानं, म्हणजे पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणाऱ्या इंजिनानं; आरएक्स-८ मध्येही तेच आहे. सुरुवातीला रोटरच्या टोकांवरच्या, वायू अडवून धरणाऱ्या सीलमुळे इंजिनाच्या आतल्या भिंतीवर ओरखडे पडायचे. इंजिनिअर त्यांना सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. माझदाचे इंजिनिअर केनिची यामामोतो यांच्या गटानं कार्बनमिश्रित सील वापरून तो प्रश्न सोडवला आणि १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट ही रोटरी गाडी बाजारात आली. १९९१ मध्ये फ्रान्समधली ल मान्सची चोवीस तासांची शर्यतही माझदाच्या रोटरी गाडीनंच जिंकली. मला या चिकाटीचं फार अप्रूप वाटतं.

पण आजही आधी झिजतात ती हीच सीलं. म्हणून कॉम्प्रेशन (इंजिनात हवा किती दाबली जाते ते) तपासल्याशिवाय एक पैसाही देऊ नकोस, आणि तेही रोटरीच्या खास टेस्टरवर. दर रोटरचे, त्याच्या तीन बाजूंचे, तीन वेगळे आकडे मिळायला हवेत. साध्या गेजवर विसंबू नकोस. हे इंजिन मुळातच थोडं ऑइल जाळतं, तेव्हा पेट्रोल भरताना डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) बघायची सवय लाव. आणि थंड इंजिन चालू करून लगेच बंद करू नकोस, फ्लड होतं, म्हणजे आत जास्तीचं पेट्रोल साचून पुन्हा चालू होत नाही.