आत्या फ्रेममध्ये बसते का?

प्रश्न : मी खानापूर तालुक्यात लग्नांचे फोटो काढतो. सोनीची ए७ थ्री कॅमेरा बॉडी आहे, तिच्यासोबत आलेली २८-७० मिमीची किट लेन्स वापरतो. रात्रीच्या गोंधळाचे फोटो फार खरखरीत येतात. सिग्माची २४-७० एफ २.८ आर्ट जड वाटते. त्यांचीच लहान २८-७० एफ २.८ घेऊ का? की सोनीची इवलीशी २८-६० पुरे?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : २८-६० चा विचार सोडा. १६७ ग्रॅमची गोंडस लेन्स आहे, चोर्ला घाटात भटकायला मी आनंदानं नेईन. पण ती एफ ४ ते ५.६ ची; एफचा आकडा जितका मोठा, तितका लेन्समधून उजेड कमी. म्हणजे आहे तोच अंधार पुन्हा पैसे मोजून घरी आणायचा. शिवाय वापरण्याआधी ती पिळून बाहेर काढावी लागते. अंतरपाट काय तुमच्यासाठी थांबणार आहे?

तुमची किट लेन्स ७० वर जेमतेम एफ ५.६ उघडते. एफ २.८ वर चौपट उजेड मिळतो; शटरचा वेग तोच ठेवून आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता; ती वाढली की फोटो खरखरीत होतो) ६४०० चा १६०० वर येतो. दिवट्यांच्या उजेडात एवढा फरक पुष्कळ झाला. बॉडीतलं स्टॅबिलायझेशन आहेच की, असं कुणी म्हणेल. ते तुमचा हात सावरतं, संबळ वाजवणाऱ्याचा नाही. तिथं शटरचा वेगच वाढवावा लागतो.

आता वजन. आर्टची पहिली आवृत्ती ८३० ग्रॅमची, लहान २८-७० अवघी ४७० ची. अक्षतांपासून वरातीपर्यंत कॅमेरा गळ्यात असतो, तेव्हा हा फरक मानेला कळतो. वजन उतरलं ते मुख्यतः २४ ऐवजी २८ मिमीपासून सुरुवात केल्यामुळं (हा आकडा जितका लहान, तितकं फ्रेममध्ये जास्त मावतं), आणि कडांचा वाकडेपणा थोडा सॉफ्टवेअरवर सोपवल्यामुळं. रॉ, म्हणजे कॅमेऱ्यातली कच्ची फाइल उघडताना लेन्स प्रोफाइल (हा वाकडेपणा आपोआप सरळ करणारी सेटिंग) चालू ठेवा, म्हणजे झालं.

पण २८ ची किंमत माजघरात मोजावी लागते. हळदीला पाठ भिंतीला टेकलेली, समोर ३ मीटरवर बायका ओळीनं उभ्या. २४ वर साडेचार मीटरची रांग मावते, २८ वर पावणेचार-चार मीटरची. म्हणजे कडेची आत्या गेली! आणि अल्बम आला की आत्या आधी स्वतःलाच शोधते, हे तुम्हाला मी काय सांगू? मांडवात मागं सरकता येतं, जुन्या घरात नाही. तुमची कामं जास्त घरांतली असतील तर जड आर्टच घ्या, कुरकुर न करता. मांडव आणि कार्यालयं जास्त असतील तर लहान सिग्मा. किट लेन्सवर इतके दिवस २८ मध्येच भागवलंय, तेव्हा मला वाटतं तुमचं भागेल.

एक मात्र बघा. या लहान लेन्सला रबराची सील फक्त माउंटपाशी आहे. कणकुंबीकडच्या पावसात कव्हर घातल्याशिवाय बाहेर काढू नका. आणि पावसाळाभर बॅगेत कोंडून ठेवू नका, बुरशी धरते. झाकणाच्या हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि एक स्वस्तातला आर्द्रतामापक ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहिला की पुरे.