नाशिकचे जुने गावठाण पाहावे की थेट द्राक्षमळ्यांकडे जावे?

नाशिकच्या जुन्या भागाचे रूप पालटले आहे असे ऐकले, तर दोन दिवसांच्या मुक्कामात तो पाहावा की थेट द्राक्षमळ्यांकडे जावे, असे आपण विचारले आहे. आमच्या घरात हा वाद कित्येक वर्षांचा आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

माझा जन्म सराफ बाजारामागच्या वाड्यातला. थोरले बंधू गंगापूर रोडला राहायला गेले तेव्हापासून त्यांचे एकच म्हणणे: पाहुण्यांना गावात नेऊन दाखवायचे काय, पडके वाडे आणि उकरलेले रस्ते? घाटाच्या सुशोभीकरणाची कामे चालू होती त्या वर्षी त्यांच्या सासूबाई, ज्यांना मी मावशी म्हणतो, प्रथमच नाशिकला आल्या. दादांनी सर्वांना द्राक्षमळ्यात नेले. मावशींचे मन तिथे रमले नाही, हे माझ्या लक्षात आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना घेऊन गंगेवर गेलो. गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो.

सरकारवाड्यापासून आम्ही पायी निघालो. पेशवेकाळातला हा वाडा. त्याच्या पायरीला पाणी लागले म्हणजे पूर मोठा, हे आमच्याकडचे जुने माप. भांडी बाजारात मावशींनी तांब्याचे ताम्हण घेतले. दुकानदाराने ते तराजूत टाकले, बोटाने वाजवून दाखवले आणि नाव घालायचे का म्हणून विचारले. मावशींनी दिवंगत यजमानांचे नाव सांगितले. अक्षरे उमटत होती तेवढा वेळ त्या काठावर हात ठेवून उभ्या होत्या. पुढे घाटावर दुतोंड्या मारुतीपाशी मी त्यांना सांगितले की पाणी त्याच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीला लागले, यावरच गावात पुराचा अंदाज बांधतात. त्यांनी मान वर करून मूर्तीकडे पाहिले आणि विचारले, "म्हणजे आत्ता आपण उभे आहोत तिथे पाणी डोक्यावरून जाते?" नदी ओलांडून नारोशंकराची घंटा आणि काळाराम मंदिर पाहिले. 2 मार्च 1930 रोजी डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली जिथे प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला तेच हे मंदिर, हे मावशींना ठाऊक होते. त्या दाराशी बराच वेळ थांबल्या. नाशिकजवळच्या रामशेज डोंगराच्या काळ्या दगडातले ते बांधकाम मात्र त्यांनी प्रथमच पाहिले.

घरी आल्यावर ताम्हण दादांच्या हातात देऊन त्या म्हणाल्या, "नाशिक मी आज पाहिले." दादा काही बोलले नाहीत, पण पुढच्या पाहुण्यांना पुन्हा मळ्यातच घेऊन गेले. ते मला आजही पटलेले नाही.

आता नव्या रूपाविषयी. नव्या फरशा आणि दिवे पाहण्यासाठी मुद्दाम येण्यासारखे काही नाही. नदीच्या तळावर काँक्रीट ओतून जुनी कुंडे झाकली गेली, ही माझ्या मते घोडचूक होती. ते काढावे म्हणून नागरिकांना न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. उलट, रंगपंचमीला उघडल्या जाणाऱ्या पेशवेकालीन रहाडी, म्हणजे रंग खेळण्याचे जमिनीतले दगडी हौद, गावातल्या लोकांनी स्वतः टिकवून ठेवल्या आहेत. फाल्गुनात येणे जमत असेल तर तोच दिवस साधावा. एरवी बुधवारी यावे, त्या दिवशी घाटावर बाजार भरतो.

पांडवलेणीला दुसरी सकाळ द्यावी. चोवीस लेण्यांपैकी तिसऱ्या लेण्यातला गौतमी बलश्रीचा शिलालेख, म्हणजे एका आईने आपल्या मुलाच्या, गौतमीपुत्र सातकर्णीच्या, पराक्रमाविषयी कोरून घेतलेला मजकूर, जाणकार सोबत घेऊन वाचावा. पायऱ्या बऱ्याच आहेत, गुडघे दुखत असतील तर विचार करावा.

द्राक्षमळ्यांना माझा विरोध नाही. ती मंडळी मेहनतीने बाग जोपासतात आणि जानेवारी ते मार्चमध्ये घड पाहण्यासारखे असतात. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर तिकडे जावे. गाडी मात्र गावठाणात घालू नये, गल्ल्या अरुंद आहेत आणि 2027 चा सिंहस्थ जवळ असल्याने कुठे ना कुठे खोदकाम आडवे येईलच.